अठरा फूट

"खडू, अरे दादांना काय आता माईकच्या मांडीवर बसवणार आहेस का?" अ‍ॅकॉर्डियनवाल्याने विचारलं, आणि पहिल्या रांगेतले व्हायोलिनवाले हसले.

खडू जमिनीवर गुडघे टेकून होता. मोजपट्टीचं एक टोक माईकच्या लोखंडी पायाखाली अडकवलेलं, दुसरं त्याच्या हातात. त्याने सात फुटांवर फुली मारली आणि मान वर न करता म्हणाला, "मागच्या भिंतीवरून आवाज उलटा येतोय. ट्रम्पेट पुढे घ्यावं लागतंय."

"गेल्या वर्षीपर्यंत गप्प होती की भिंत."

"तू तुझा भाता सांभाळ."

पुन्हा हशा झाला. खडूही हसला, पण वरवर. हा अ‍ॅकॉर्डियनवाला तसा भोळा, जे दिसेल ते बोलून मोकळा होणारा. त्याला दिसलं म्हणजे बाकीच्यांना केव्हाच दिसलं असणार.

खडूचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बावीस वर्षं त्या बँडमध्ये तो खडूच होता. त्याच्या कामाला नीट नावही नव्हतं. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या काळात बावीस वादकांमध्ये माईक एकच असायचा, खोलीच्या मधोमध. कुणाचा आवाज किती यावा हे ठरवायला बटणं-बिटणं काही नव्हती, होतं ते फक्त अंतर. गाणारीण माईकपासून दीड फुटावर. व्हायोलिनं पाच-सहावर, अ‍ॅकॉर्डियन नऊवर, ड्रमवाला पार कोपऱ्यात, घोंगडीच्या आडोशाला. ती अंतरं मोजायची, जमिनीवर खडूने फुल्या मारायच्या आणि फुलीवर खुर्च्या मांडायच्या, हे खडूचं काम. सहा इंच चुकलं की गाणं बिघडलं. प्रत्येक रेकॉर्डिंगची अंतरं तो वहीत उतरवून ठेवी, फुटांत आणि इंचांत. त्या वहीचा त्याला फार अभिमान होता.

आणि त्या वहीत दादांची जागा वर्षानुवर्षं एकच होती. अठरा फूट, दाराला पाठ लावून. कारण दादांचं ट्रम्पेट म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू. सतराला बसवलं तर काचेमागे रेकॉर्डिस्टच्या यंत्राचा काटा शेवटाला जाऊन आपटायचा आणि तो कपाळाला हात लावायचा. मास्टर, म्हणजे बँडचे मालक आणि चाली बांधणारे, पाहुण्यांना हौसेने दाखवत: "तो दारातला माणूस दिसतो ना? त्याला खोलीत घेता येत नाही."

दादा खडूचे सख्खे भाऊ, अकरा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले तेव्हा दादांनीच त्याला वाढवलं, आपल्यासारखा वाजवणारा करायचा चंगही बांधला. पण खडूचे ओठच त्या वाद्याचे नव्हते. तीन वर्षं फुंकून एक धड सूर निघाला नाही, तेव्हा दादांनी त्याच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलं आणि मास्टरांकडून मागून आणलेली मोजपट्टी ठेवली. "फुंकता येत नाही ना, मग मोज," म्हणाले. रागावून नाही, चेष्टेनेच. खडूला ते आयुष्यभर पुरलं.

सव्वा वर्षापूर्वी दोघे डॉक्टरांकडे गेले होते. दादांना जिना चढताना धाप लागे, म्हणून. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, पाठ ठोकून पाहिली. मग म्हणाले, "फुंकणं बंद. आजपासून."

दादा सदऱ्याची बटणं लावत होते, जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. खडूनेच विचारलं, "आणि नाही केलं तर?"

"तर एक दिवस फुंकता फुंकता जातील," डॉक्टर म्हणाले.

खाली उतरताना दादा जिन्याच्या वळणावर थांबले. कठड्याला धरून दोन-चार श्वास घेतले. "घरी कळता कामा नये," म्हणाले.

"दादा, अरे ते काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. मला एक सांग, ट्रम्पेट ठेवून मी करू काय? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोप्या मोजू? मोजायचं काम तुझं." जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वहिनीला कळलं तर ती एक दिवस वाजवू देणार नाही. तू बोललास तर मी तुला भाऊ म्हणणार नाही, सांगून ठेवतो."

खडूने तोंडातून ब्र काढला नाही. तो आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस, आणि त्याच्या नाकासमोर नेहमी दादाच होते.

पुढच्याच रेकॉर्डिंगला काचेवर टकटक झाली. "ट्रम्पेट कुठे आहे?" रेकॉर्डिस्टचा आवाज आला. "मला ऐकूच येत नाही." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दादा खुर्चीत ताठ बसले होते, ट्रम्पेटच्या कळा पुसत होते. खडूने पुढे होऊन खुर्ची उचलली आणि सोळा फुटांवर आणून ठेवली. काटा बरोबर जागेवर आला. दादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानेही पाहिलं नाही. झालं ते एवढंच.

मग चौदा. मग साडेअकरा. वहीत आकडे उतरत गेले, आणि खडू ते इमानेइतबारे लिहीत गेला.

आज सात होते. मास्टर आले, त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि ती दादांच्या खुर्चीवर थांबली. "इथे घेतलंस यांना?"

"हो मास्टर. भिंत आवाज उलटा मारतेय."

मास्टर त्याच्याकडे बघत राहिले. खडू मोजपट्टी गुंडाळू लागला. "बरं," मास्टर म्हणाले आणि छडी उचलली.

दुपारी निघताना दादांनी ट्रम्पेट पेटीत ठेवत सहज विचारलं, "अजून पुढे जागा किती आहे रे?"

"सात फूट."

"मग पुष्कळ आहे," दादा म्हणाले.

एक भानगड मात्र होऊन बसली होती. माईक जसा सूर पकडतो तसा श्वासही पकडतो. सातवरून काचेमागे घरघर ऐकू जाऊ लागली. "मधेमधे सूं सूं काय येतंय?" रेकॉर्डिस्टने विचारलं, आणि खडूच्या तोंडून निघून गेलं, "अ‍ॅकॉर्डियनचा भाता असेल." त्या बिचाऱ्याने रविवारी घरी अख्खं वाद्य उसकटलं, भात्याची प्रत्येक घडी तपासली, चांगल्या चामड्यावर ठिगळं लावली. सोमवारी ठिगळं दाखवत म्हणाला, "आता बघ, मुंगीच्या पावलाएवढासुद्धा आवाज येणार नाही." खडूला त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्याने दादांना श्वास घेताना मान बाजूला वळवायला शिकवलं. ज्याने आपल्याला श्वास कसा घ्यायचा हे शिकवलं, त्यालाच आपण तो चोरून घ्यायला शिकवतोय, हे त्याच्या मनात आलं.

त्याच आठवड्यात वहिनींनी त्याला गाठलं. दादा आत झोपले होते. वहिनींनी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"भावजी, एक विचारते, खरं सांगा. यांची झोप बघितलीत? उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. तिथे रोज तुम्ही असता. वाजवताना दम लागतो का यांना?"

खडूने चहात डोळे घातले. सांगायची वेळ हीच होती, आणि ती त्याला कळत होती. हे सगळं नंतर त्याला शंभरदा आठवलं, कपाच्या कानाला गेलेला तडा धरून.

"वहिनी, मी कशाला सांगायला हवं? नवी रेकॉर्ड आलीय ना, ऐका की. दम लागलेला माणूस असा वाजवतो का?"

वहिनींनी रेकॉर्ड लावली. ट्रम्पेट आलं ते खोली भरून, तेजदार, अगदी समोर उभं राहिल्यासारखं. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत होती. रेकॉर्ड कशी होते, कोण कुठे बसतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि आतल्या खोलीत तोच माणूस उशीला टेकून घरघरत होता.

"मलाच मेलीला नाही नाही ते सुचतं," त्या म्हणाल्या.

"उगाचच," खडू म्हणाला.

आता यापुढचं जे झालं त्याला काय म्हणावं? रेकॉर्ड कंपनीला लोकांची पत्रं येऊ लागली. हल्ली तुमच्या बँडचं ट्रम्पेट किती जवळचं वाटतं, कानात कुणी बोलल्यासारखं, असं लोक लिहीत होते. अठरा फुटांवरून दादा खोली दणाणून टाकत होते तेव्हा कुणी एक ओळ लिहिली नव्हती. कंपनीचे साहेब, कुठली गाणी निघायची आणि कशी हे ठरवणारे, पत्रांचा गठ्ठा घेऊन तालमीला आले.

"या वेळी शेवटचं कडवं गाऊ नका," ते मास्टरांना म्हणाले. "ते पूर्ण ट्रम्पेटवर घ्या. लोकांना तेच हवंय."

 मास्टरांनी खडूकडे पाहिलं. खडूने जमिनीकडे पाहिलं. जमिनीवर त्याच्याच फुल्या होत्या.

"जमेल ना दादा?" साहेबांनी विचारलं.

"न जमायला काय झालं?" दादा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत एक पूर्ण कडवं त्यांना कुणी दिलं नव्हतं.

रेकॉर्डिंग सकाळी दहाचं होतं. खडू आठलाच आला आणि त्याने चार फुटांवर फुली मारली. चार फुटांवर खुर्ची अशी दिसत होती की तिच्यापुढे काही उरलंच नाही. त्याने ती दोनदा उचलून मागे नेली, दोनदा परत आणली.

तिथला नियम एकच, आणि तो सर्वांच्या हाडीमासी खिळलेला. दारावरचा लाल दिवा लागला की हलायचं नाही. शिंक आली तर गिळायची. फिरत्या मेणाच्या तबकडीवर सरळ सगळं कोरलं जायचं, चूक खोडायची सोय नाही. शेवटचा सूर संपल्यावरही दिवा विझेपर्यंत पुतळ्यासारखं बसून राहायचं. बावीस वर्षांत खडूने तो नियम मोडला नव्हता.

पहिला टेक व्हायोलिनवाल्याच्या तुटलेल्या तारेने गेला, तोही शेवटाला, दादांचं कडवं निम्मं झाल्यावर. दुसऱ्याला गाणारीण अडखळली, पण मास्टरांनी थांबवेपर्यंत दादा आपल्या कडव्यापर्यंत येऊन पोचले होते. दोन टेकनंतर त्यांची कॉलर भिजून गळ्याला चिकटली होती. खडू फुली पुन्हा गिरवायच्या निमित्ताने त्यांच्या पायाशी वाकला.

"दादा, पुरे. मी सांगतो मास्टरांना."

"कितीवर आहे मी?"

"चार."

"मग काय घाबरतोस? इथून नुसती फुंकर घातली तरी होतंय." दादांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारत तशी. हात बर्फासारखा गार होता. "जा, जागेवर जा."

दिवा लागला.

खडू सहा पावलांवर भिंतीला टेकून उभा होता. शेवटचं कडवं आलं. दादा जे वाजवायला लागले ते ऐकून साहेबांनी काचेमागे टेबलावर हात टेकले. पण खडू ऐकत नव्हता, बघत होता. दादांची नखं निळी पडली. मग ओठांच्या कडा. श्वास घेताना मान वळायची ती वळेनाशी झाली, आणि वाद्याच्या मागे डोळे त्याला शोधत आले, निदान खडूला तसं वाटलं. त्याने पाऊल उचललं. सहा पावलं तर होती. समोर लाल दिवा होता. उचललेलं पाऊल त्याने आवाज न करता होतं तिथेच ठेवलं.

दादांनी शेवटचा सूर पूर्ण केला. ट्रम्पेट मांडीवर उभं धरलं, पाठ ताठ केली, आणि नियमाप्रमाणे हलले नाहीत.

दिवा विझला. "फार सुंदर," काचेमागून आवाज आला. "हाच ठेवू." लोक खोकले, खुर्च्या करकरल्या, अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला, "दादा, कमाल केलीत." दादा तसेच बसून होते. दिवा विझायच्या आधी गेले की नंतर, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दहाव्या दिवशी मास्टरांनी खडूला बोलावून घेतलं. कपाट उघडून त्यांनी ट्रम्पेटच्या स्वरलिपीच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक गाण्यात दादांनी काय वाजवायचं ते मास्टरांच्या हस्ताक्षरात होतं.

"वाजवता येत नाही तुला, पण वाचता येतं ना? बघ."

खडू एकेक कागद बघत गेला. दीड वर्षापूर्वीचे सूर वरच्या रेघांवर चढलेले होते. पुढच्या कागदावर एक पायरी खाली, त्याच्या पुढच्यावर आणखी खाली. सुरांच्या मधल्या, श्वास घ्यायच्या मोकळ्या जागा वाढत गेलेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"तुझी फुली मला दिसत नव्हती का रे? आणि काचेमागच्याला घरघर कशाची ते कळत नव्हतं? इतका काय तो बहिरा नाही." मास्टरांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तू भाऊ आहेस. तू थांबवशील."

"मला वाटलं, तुम्ही मास्टर आहात."

मास्टरांनी कागद गोळा करून गठ्ठा पुन्हा बांधला. प्रत्येकाने आपापल्या परीने दादांना सांभाळून घेतलं होतं. सांभाळून घेता घेता त्यांना दारापासून माईकपर्यंत आणून सोडलं होतं. भाता नाहक ठिगळांनी भरला तो त्या एकट्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याचा.

रेकॉर्ड निघाली तशी खडू ती घेऊन वहिनींकडे गेला. ग्रामोफोन खिडकीपाशी होता. वहिनींनी रेकॉर्ड पदराने पुसली, लावली, आणि उभ्या उभ्याच ऐकली. शेवटचं कडवं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"किती जवळ वाटतात हो," त्या म्हणाल्या. "इथे बसल्यासारखे. मधेमधे खरखरतंय जरा, सुई बदलायला झाली वाटतं." मग डोळे उघडून त्याच्याकडे वळल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा एवढा दम होता यांच्यात. मग असं एकाएकी कसं झालं, भावजी? मला हेच कळत नाही. रात्रंदिवस हेच मनात येतं."

खडूने खिशात हात घातला. मोजपट्टी तिथेच होती, खडूही. त्याने पट्टीचं टोक ग्रामोफोनच्या पायाशी अडकवलं आणि मागे मागे सरकत गेला. खोली संपली, उंबरा आला, तो उंबरा ओलांडून बाहेर गेला. बाहेरच्या फरशीवर जिन्याच्या तोंडाशी त्याने फुली मारली.

"अठरा फूट," तो तिथून म्हणाला. "दादाची जागा इथे होती. एवढ्या लांबून तो खोली दणाणून टाकायचा. ज्याचा आवाज मोठा तो लांब, ज्याचा लहान तो जवळ. बसवायचं काम माझं."

मग आत येत त्याने सोळावर फुली मारली. चौदावर. साडेअकरावर. सातवर. शेवटी दादांच्या रिकाम्या खुर्चीच्या पुढ्यात वाकून चारवर मारली.

"आणि ही रेकॉर्ड झाली तेव्हा तो इथे होता."

वहिनी फुल्यांकडे बघत राहिल्या. त्या शिकलेल्या फारशा नव्हत्या, पण बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तिथून इथे यायला किती दिवस लागले?"

"दीड वर्ष."

"डॉक्टर?"

"पहिल्याच दिवशी म्हणाले होते, फुंकणं बंद करा. दादाने मला बोलू दिलं नाही. नाही, तसं नाही. मी बोललो नाही."

"मी तुम्हाला चहा देऊन विचारलं तेव्हा कुठे होते हे?"

खडूने सातवरच्या फुलीकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, आता त्या ओरडतील, हाताला धरून बाहेर काढतील. त्याची तयारी होती, किंबहुना तो त्याचीच वाट बघत होता.  पण वहिनी उंबरा ओलांडून बाहेर गेल्या आणि जिन्याच्या तोंडाशी, अठरावरच्या फुलीवर उभ्या राहिल्या.

"लावा," म्हणाल्या.

त्याने सुई ठेवली. गाणं सुरू झालं, गाणारीण गायली. तेवढा वेळ त्या बाहेरच उभ्या होत्या, तोंड आत वळवून. ट्रम्पेट आलं तशा त्या निघाल्या. सोळावर थांबल्या, ऐकलं. चौदावर थांबल्या. उंबऱ्याच्या आत आल्या. सातवर त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. चारवर येऊन त्या हळूच खाली बसल्या, फुलीवरच, आणि कान पुढे केला. दोन सुरांच्या मधे ती खरखर होती.

"ही सुईची नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

त्या ऐकत राहिल्या. खोलीत लाल दिवा नव्हता, तरी शेवटचा सूर संपून सुई नुसतीच गोल फिरत राहीपर्यंत खडू जागचा हलला नाही.